चिनी मालिकेतलं 'केसी' विणकाम: पडद्यावर दिसतं तितकं झटपट होतं का?

सांजवात
२०२१ मध्ये आलेली 'तांगच्या चूमू' ही चिनी मालिका बऱ्याच जणांनी पाहिली असेल. नावाचा अर्थ घरची कर्ती मालकीण, इंग्रजी नाव 'मार्व्हलस वीमेन'. काळ छियानलोंग बादशहाचा, म्हणजे अठरावं शतक. गाव सूचौ. आणि कथेच्या मध्यभागी केसी नावाचं रेशमी विणकाम, जे एका घराण्याकडे आहे आणि बायकांच्या हाती येतं.

नाट्य बाजूला ठेवून मला विणकामाबद्दल विचारायचं आहे. मागावर चित्र 'विणतात' म्हणजे नेमकं काय करतात? भरतकाम नाही, छपाई नाही, मग फुलाच्या पाकळीतली छटा येते कुठून? भिंतीवर लावायचं एक चित्र पुरं व्हायला खरोखर किती दिवस लागतात? आणि हे आपल्या पैठणीच्या पदरासारखंच आहे का? शेवटचा प्रश्न, त्या काळी बाई या कामात उस्ताद असणं शक्य होतं का, की ती मालिकेची सोय आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावं, लांबलं तरी चालेल.

ताणाबाणा
चांगला धागा. आधी पाया.

ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे, बाणा म्हणजे आडवा धागा, आणि धोटा म्हणजे तो आडवा धागा नेणारं साधन. साध्या कापडात धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो, म्हणजे बाणा अखंड असतो. केसीत ताणा अखंड आणि बाणा तुटक. चिनी विणकर हेच चार अक्षरांत सांगतात, 'थोंगचिंग त्वानवेइ': ताणा आरपार, बाणा खंडित. लाल पाकळीचा लाल धागा पाकळीच्या कडेपर्यंतच जातो, तिथून मागे वळतो. शेजारची हिरवी जमीन दुसऱ्या छोट्या धोट्याची. एका ओळीत जितके रंगाचे तुकडे, तितके धोटे.

वीण साधीच असते. एक धागा वर, एक खाली, दोन पायपट्ट्या, बस. मागात चित्र 'बसवलेलं' नसतं, चित्र पूर्णपणे हातात असतं. बाणा इतका दाट ठोकतात की ताणा पुरता झाकला जातो. कापडावर दिसतो तो सगळा बाण्याचा रंग. ताण्याला सहसा कच्चं रेशीम घेतात, कारण डिंक न काढलेला धागा ताठ राहतो आणि घासणं सोसतो. बाण्याला डिंक काढून रंगवलेलं मऊ रेशीम. मऊ असल्यामुळेच ते दाबलं की पसरतं आणि ताणा झाकतं.

प्राजक्त_०७
उच्चार केसीच ना?

शाईदौत
रोमन लिपीतल्या के अक्षरामुळे आपण 'केसी' म्हणतो. मूळ उच्चार 'खऽ-स' च्या जवळचा आहे. धाग्यात केसीच वापरू या, सगळ्यांना कळतं.

नावात गंमत आहे. आज लिहितात ते पहिलं अक्षर खास या विणीचं, पण जुन्या ग्रंथांत तिथे 'कोरणे' या अर्थाचं अक्षर सापडतं. म्हणजे 'कोरीव रेशीम'. याचं कारण १२ व्या शतकातल्या च्वांग छुओ या लेखकाने लिहून ठेवलं आहे. तो तिंगचौच्या विणकरांबद्दल सांगतो: मोठा माग वापरत नाहीत, लाकडी चौकटीवर ताणा लावतात, छोट्या धोट्यांनी हवी तशी फुलं, पाखरं, जनावरं विणतात, आणि कापड उजेडासमोर धरलं की कोरल्यासारखं दिसतं. शंभर फुलं काढली तरी एकासारखं दुसरं नको असेल तर तसं करता येतं, कारण बाणा आरपार जात नाही, हेही त्याचंच निरीक्षण. त्याचंच आणखी एक वाक्य सांजवात यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे: बाईचं एक वस्त्र वर्षभरात होतं.

कोजागिरी
म्हणजे एका बाईला एक वस्त्र विणायला वर्ष? मग बायका विणत होत्या हे सिद्धच झालं की.

शाईदौत
@कोजागिरी, नाही, तिथे 'बाईने घालायचं एक वस्त्र' असा अर्थ आहे. विणणारा कोण ते त्या वाक्यात येत नाही. बायकांचा पुरावा दुसरीकडे आहे आणि तो याहून पक्का आहे. सवडीने लिहितो.

टिल्ली
पैठणीशी तुलना होणारच, म्हणून लिहिते. 'पैठणीसारखंच' म्हणणं अर्धं बरोबर आहे.

सारखं काय? पदरात जरीच्या जमिनीवर मोर, मुनिया, असावली विणताना प्रत्येक रंगाची वेगळी टिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, असते आणि रेशमी बाणा फक्त नक्षीपुरता फिरतो. कापडाच्या मागे धागे लोंबत नाहीत, उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्या दिसतात. इथपर्यंत केसी आणि पैठणी सख्ख्या बहिणी.

वेगळं काय? दोन रंग जिथे भेटतात ती शिवण. पैठणीत शेजारचे दोन बाणे एकमेकांत अडकवून मागे वळतात. कडियल काठात तर हे साडीभर चालतं: डाव्या काठाचा एक धोटा, अंगाचा एक, उजव्या काठाचा एक, आणि प्रत्येक ओळीला दोन ठिकाणी गुंतवण. त्यामुळे काठ आणि अंग यांच्यात फट पडत नाही. केसीत बाणे सहसा एकमेकांत अडकवत नाहीत. लाल आपल्या शेवटच्या ताण्यावरून वळतो, हिरवा त्याच्या शेजारच्या ताण्यावरून. मधे फट राहते. च्वांग छुओला उजेडात जे 'कोरलेलं' दिसलं ती हीच फट.

दुसरा फरक नकाशाचा. पैठणीची नक्षी ताण्याचे धागे मोजून उठते, म्हणून तिला थोडा कोनाकोनाचा, पायऱ्यांचा बाज येतो आणि तोच तिचा देखणेपणा आहे. केसीत मूळ चित्र ताण्याखाली धरून कुंचल्याने त्याच्या रेषा थेट ताण्याच्या धाग्यांवर उतरवून घेतात. मोजणी नाही, रेषेच्या मागे जायचं.

निमिष_क
फट राहते तर कापड फाटत नाही का? उभी रेषा लांब असेल तर दोन तुकडे वेगळेच होतील.

ताणाबाणा
@निमिष_क, केसीतली निम्मी कारागिरी याच प्रश्नाभोवती आहे.

तिरकी कड असेल तर अडचण नाही. वळण प्रत्येक ओळीला एक-दोन ताणे सरकतं, फट एका जागी साठत नाही. गोल पाकळी, पान, ढग हे सगळं सुखाने होतं. खरी अडचण सरळ उभ्या रेषेची: बांबूची काठी, खांब, चिनी अक्षरातला उभा दंड. तिथे दोन उपाय आहेत.

पहिला 'तासुओ', म्हणजे धोटा पलीकडे टेकवणं. दोन रंगांचे बाणे काही ओळींनंतर एकदा एकमेकांच्या हद्दीत एखादा ताणा ओलांडून येतात आणि परत जातात. फटीला टाका पडतो. टिल्लीताई म्हणतात ती गुंतवण इथे प्रत्येक ओळीला न होता अधूनमधून होते. फार जवळजवळ केली तर कड दातेरी दिसते, फार लांब ठेवली तर फट उघडते आणि कापड टांगल्यावर तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. किती ओळींनी टेकवायचं हे रेशमाच्या जाडीवर आणि कापड टांगायचं की नेसायचं यावर ठरतं.

दुसरा 'त्समूचिंग', लेक-आई ताणा. अगदी बारीक उभी रेषा हवी असेल तर तो रंग एका किंवा दोन ताण्यांभोवतीच फिरवत वर नेतात आणि जमिनीचा बाणा तुटू देत नाहीत. अक्षरं, शिक्के, पक्ष्याच्या पायाची नखं अशी होतात. इथे ताण कमी-जास्त झाला तर रेषा नागमोडी होते आणि ती मागाहून सुधारता येत नाही, उसवावीच लागते.

फणी
माग लावण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. सूचौमध्ये या कामाच्या सोळा पायऱ्या मोजतात आणि त्यातल्या पहिल्या बारा होईपर्यंत चित्राचा एक धागाही पडलेला नसतो. मालिका हे कधीच दाखवणार नाही, कारण पडद्यावर बघायला त्यात काहीच नाही. पण काम बिघडतं ते इथेच.

क्रम थोडक्यात: ताण्याचं रेशीम उकलून घेणं, ताणा लांब पसरणं, धागे फणीतून (धागे वेगळे ठेवणारी आणि बाणा ठोकणारी दातेरी पट्टी) ओवणं, गाठी मारून मागच्या रुळाला बसवणं, ताणा सोडवून सरळ करणं, पुढच्या रुळाला बांधणं, पुन्हा पृष्ठ सारखं करणं, एक सोडून एक धागा उचलून त्यांना वरखाली करणाऱ्या दोऱ्यांत अडकवणं, पायपट्ट्या जोडणं, आणि शेवटी हात फिरवून सगळ्या ताण्याचा ताण तपासणं. मग चित्र उतरवणं, रंग जुळवणं, छोट्या कांड्या भरणं, विणणं. सगळ्यात शेवटी कात्रीने धाग्यांची टोकं कापणं.

काय बिघडतं?

ताण असमान राहिला तर सैल जागी बाणा जास्त खाली बसतो आणि विणीची कड लाटेसारखी होते. ही लाट वर वर चढत जाते, माणसाचा चेहरा असेल तर तो वाकडा होतो.

बाणा ओढून घातला तर कापड मधे आवळतं. यावर उपाय एकच: बाणा सरळ न घालता किंचित कमानीसारखा सैल टाकायचा आणि मग बांबूच्या छोट्या कंगव्याने खाली दाबायचा. कमान जास्त झाली तर बाणा बाहेर फुगून पृष्ठावर बारीक दाणे येतात. हा अंदाज हातालाच यावा लागतो, मोजून येत नाही. फणी अख्ख्या ओळीला ठोकते, कंगवा रंगाच्या एकेका तुकड्याला. मालिकेत कारागिराच्या हातात तो कंगवा दिसला की समजा कुणीतरी नीट शिकवलं आहे. अख्ख्या रुंदीतून सटासट धोटा जात असेल तर ती केसी नाही.

हवा फार कोरडी असेल तर कच्च्या रेशमाचा ताणा कडक होऊन तुटतो. तुटला तर नवा धागा मागच्या बाजूला जोडून, दोऱ्यातून आणि फणीतून ओवून, विणलेल्या भागावर टाचणीला अडकवून पुढे जातात. गाठ विणीत येऊ दिली तर तिथे उंचवटा राहतो.

सांजवात
फणी, ताणाबाणा, टिल्लीताई, मनापासून आभार. छटांचं राहिलं. तिथे तर रंग एकमेकांत विरघळल्यासारखे दिसतात.

रंगरेषा
विरघळत नाहीत, दातांसारखे एकमेकांत घुसतात. या तंत्राला 'छियांग' म्हणतात.

गडद गुलाबीतून फिक्या गुलाबीत जायचं आहे असं धरा. दोघांची सरळ हद्द आखली तर पट्टा दिसेल. म्हणून गडद बाणा एका ओळीत लांब नेतात, पुढच्या ओळीत आखूड, पुन्हा लांब. फिका त्याच्या उलट. लांबून पाहणाऱ्या डोळ्याला तिथे तिसरी छटा दिसते. ही लांब-आखूड छियांग. टोकं सारख्या लांबीची आणि नियमित ठेवली तर ती लाकडी कंगव्याची छियांग, नक्षीदार कामाला बरी. एक बाणा आखूड-जाड, दुसरा लांब-बारीक असं आलटून पालटून केलं की टोकं पिसासारखी दिसतात, ती फिनिक्सच्या शेपटीची. दोन्ही कडांकडून गडद आत आणत मधे फिका ठेवला की वस्तूला गोलाई येते, तिला गाभा वेढणारी म्हणतात. झाडाचं खोड आणि फळ यासाठी ती उत्तम.

दुसरी युक्ती कांडीतच असते. दोन छटांचे बारीक धागे एकत्र पिळून तिसऱ्या छटेचा बाणा करतात. एका पाकळीला पाच-सहा छटा सहज लागतात, आणि प्रत्येकीचा धोटा वेगळा. चित्र गुंतागुंतीचं असेल तर मागावर एका वेळी डझनावारी धोटे रांगेत पडलेले असतात. कुठला कुठून उचलायचा हे लक्षात ठेवणं हेच मोठं काम.

जुनापुराणा
इथे एक मतभेद नोंदवतो. मालिका छियानलोंगच्या काळाला केसीचा सुवर्णकाळ म्हणून उभा करते. कामाचं प्रमाण, बादशाही आश्रय आणि आकार यांत ते खरं आहे. सूचौला बादशाही वस्त्रशाळा होती, तशीच हांगचौ आणि आजच्या नानचिंगला. पण कसाच्या दृष्टीने मला सोंग काळच (दहावं ते तेरावं शतक) वरचा वाटतो. छिंग काळात, म्हणजे छियानलोंगच्या घराण्याच्या काळात, चेहरे, पिसांच्या रेघा, पानांच्या शिरा विणण्याऐवजी विणलेल्या कापडावर कुंचल्याने रंगवण्याची सवय वाढत गेली. उत्तरार्धात तर बाह्यरेषा विणलेली आणि आतलं सगळं रंगवलेलं अशीही कामं आहेत. घराण्याची विद्या जपण्याची गोष्ट सांगताना हेही दाखवायला हवं होतं.

रंगरेषा
@जुनापुराणा, रंगकाम सरसकट कमअस्सल ठरवू नका. छियानलोंगच्या काळातच केसी, भरतकाम आणि कुंचला तिन्ही एकत्र आणून मुद्दाम केलेली कामं आहेत, तिथे तो कलाकाराचा निर्णय आहे. वेळ वाचवण्यासाठी रंगवणं आणि परिणामासाठी रंगवणं यांत फरक करायला हवा.

जुनापुराणा
मान्य. वेळ वाचवण्यासाठी केलेल्यावरच माझा आक्षेप आहे. ओळखायचं सोपं: कापड उलटं करा. विणलेला रंग मागेही तितकाच भरलेला असतो, कुंचल्याचा फक्त वर बसलेला असतो.

प्राजक्त_०७
मग विकत घेताना अस्सल केसी कशी ओळखायची? ऑनलाइन पंखे, पर्स, बुकमार्क फार स्वस्तात दिसतात.

टिल्ली
पैठणीला जे लावतो तेच. उलटी बाजू पाहा. मागे एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत धागे लोंबत किंवा ताणलेले असतील तर बाणा आरपार गेला आहे, म्हणजे जॅकार्ड, यंत्राने उठवलेली नक्षी. मग उजेडासमोर धरा. केसीत रंगांच्या उभ्या हद्दींवर बारीक फटी दिसायलाच हव्यात. एकही फट नसेल तर शंका घ्या. आणि तेच फूल दोनदा आलं असेल तर दोन्ही जवळून पाहा. हाताच्या कामात वळणाची जागा एखाद-दुसऱ्या ताण्याने इकडे तिकडे होते, यंत्राच्या कामात होत नाही.

सोनेरी धाग्याचा वेगळा मुद्दा. आपली अस्सल जर म्हणजे चपटी केलेली चांदीची तार रेशमावर गुंडाळून वर सोन्याचा मुलामा. तिकडचा पारंपरिक सोनेरी धागा बहुधा सोन्याचा वर्ख लावलेल्या कागदाची बारीक पट्टी रेशमावर गुंडाळून करतात. तो वजनाला हलका, पण घडी घातली की तडकतो. अशी वस्तू गुंडाळून ठेवायची, घडी नाही.

वाऱ्यावरची_वरात
थोडं अवांतर. जपानमध्ये याच वीणीला 'त्सुझुरे' म्हणतात. क्योतोचे विणकर कंगव्याऐवजी स्वतःची नखं वापरतात, नखांना करवतीसारखे दाते घासून घेतात आणि त्यांनी बाणा खाली ओढतात. मागच्या शतकाच्या शेवटी किमोनोच्या कमरपट्ट्यांच्या जपानी मागणीवर सूचौच्या आसपासच्या गावांत भरपूर माग चालले. मागणी ओसरल्यावर बरेच थांबले.

फणी
अवांतर नाही, महत्त्वाचं आहे. २००६ मध्ये सूचौची केसी चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आली आणि २००९ मध्ये युनेस्कोने चीनच्या रेशीमकलेला जागतिक यादीत घेतलं, त्यातही केसी आहे. पण यादी माग चालवत नाही, मागणी चालवते. आपल्याकडच्या विणकरांनाही हे सांगायला नको.

शाईदौत
आता बायकांबद्दल. कारागीर घराण्यांत 'मुलाला शिकवा, मुलीला नको' अशी चिनी म्हणच आहे, कारण मुलगी लग्न होऊन विद्या दुसऱ्या घरी नेईल. मालिकेतला ताण तिथून येतो आणि तो खरा आहे.

तरीही केसीच्या इतिहासातलं सगळ्यात आदराचं नाव बाईचंच आहे. चू खरौ. खरं नाव चू कांग, खरौ हे दुसरं नाव. आजच्या शांघायजवळच्या सोंगच्यांग भागातली, काओत्सोंग बादशहाच्या काळातली, म्हणजे ११२७ ते ११६२ च्या दरम्यानची. तिच्या कॅमेलियाच्या केसीवर मिंग काळातल्या वन त्सोंगच्येन या चित्रकाराचा अभिप्राय आहे, त्यात ती विणकामासाठी आपल्या काळात प्रसिद्ध होती असं येतं. ही केसी आणि तिचं पिओनीचं फूल ल्याओनिंगच्या संग्रहालयात आहे. पिओनीचा तुकडा जेमतेम २३ सेंटिमीटर उंच. म्हणजे छियानलोंगच्या सहाशे वर्षं आधी हे नाव गाजलेलं होतं. मालिकेतली नायिका काल्पनिक आहे, पण अशक्य अजिबात नाही.

सांजवात
अंगावर काटा आला. आणि मोठं चित्र? मूळ प्रश्न अजून उरला आहे, किती दिवस?

ताणाबाणा
हिशेब मांडू. चू खरौचंच मोठं काम घ्या, शांघाय संग्रहालयातलं 'कमळतळं आणि बदकाची पिल्लं'. १०७.५ सेंटिमीटर उंच, १०८.८ रुंद.

समजा एका ओळीत सरासरी ४० रंगतुकडे. धोटा उचलणं, घालणं, कंगव्याने दाबणं, ठेवणं, सगळं मिळून एका तुकड्याला १५ सेकंद. एक ओळ १० मिनिटांत. सेंटिमीटरला ५० ओळी धरल्या तर ५०० मिनिटं, म्हणजे आठ तासांहून जास्त, एका सेंटिमीटर उंचीला. प्रत्यक्षात एकेक ओळ पुरी न करता रंगाचा एक भाग वर चढवून मग शेजारचा घेतात, पण बेरीज तीच. १०८ सेंटिमीटरना ९०० तास. रंग ओळखायला दिवसाचा उजेड लागतो, दिवसाला सहा तास धरले तर १५० दिवस.

हे फक्त धागा घालण्याचं. छटांच्या जागी ४० ऐवजी दुप्पट तुकडे होतात. कांड्या भरणं, रंग जुळवणं, चुकलेलं उसवणं आणि शेवटी हजारो टोकं कापणं त्यात नाही. माग लावणं नाही. म्हणजे च्वांग छुओचं 'वर्षभर' अगदी रास्त आहे. मालिकेत कुणी महिन्याभरात भिंतीएवढं चित्र दरबारात नेलं तर ते एका मागावरचं नव्हे, पट्टे वेगवेगळ्या मागांवर विणून जोडलेलं असणार, आणि तसं असेल तर जोडाची शिवण दिसायला हवी.

कोजागिरी
शांघायला गेल्यावर ते बघता येतं का?

शाईदौत
रेशमाला उजेड सोसत नाही, म्हणून अशा वस्तू अधूनमधून थोड्या काळापुरत्याच बाहेर काढतात. मोठ्या आकारातलं छायाचित्र मिळालं तर आधी निळ्या खडकावर जा. तिथे सही विणलेली आहे, 'च्यांगतोंगच्या चू कांगने कमळतळं केलं' अशा अर्थाची, आणि तिच्यापाशी 'खरौ' असा शिक्का. ताणाबाणा यांनी सांगितलेले उभे दंड त्या अक्षरांत शोधा.